पाण्याने राखलेले रान

बारा-तेरा वर्षांपूर्वी एका स्थानिक साप्ताहिकात मी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानावर लेख लिहिला होता. 'मुंबईच्या पोटात आजही आदिम अरण्य उभे आहे' असे त्याचे पहिले वाक्य होते आणि ते मला फार आवडले होते. अंक हातात पडल्यावर तो घेऊन मी उद्यानातल्या एका पाड्यावर गेलो. तिथले एक वारली बाबा माझ्या परिचयाचे, वय तेव्हाच ऐंशीच्या घरात. त्यांना लेख वाचून दाखवायला लागलो, तर पहिल्याच वाक्याला त्यांनी थांबवले. "आदिम म्हणजे काय, भाऊ?" मी म्हणालो, "बाबा, माणसाचा हात न लागलेले." ते काही बोलले नाहीत. उठले, कोयता कमरेला अडकवला आणि मला घेऊन निघाले. अर्धा-पाऊण तास चालल्यावर तलावाच्या पाणलोटाच्या कडेला एका घळीशी आलो. ऐन आणि कळंबाची दाटी होती. बाबांनी पायाने पालापाचोळा बाजूला केला. खाली दगड होते, एकावर एक नीट रचलेले, वीस-पंचवीस पावले सरळ गेलेले. "हा बांध. इथे भात व्हायचा." त्यांच्या पणजोबांचे ते खाचर. तलाव बांधला तेव्हा ते उठले, असे घरात सांगत. पुढे आंब्याची चार थोराड झाडे एका ओळीत उभी होती. आंबा ओळीत आपणहून उगवत नाही, एवढे मलाही कळत होते.

मी पोटासाठी हिशेब लिहिणारा माणूस. वनस्पतिशास्त्र किंवा इतिहास रीतसर शिकलेलो नाही. पण ताळेबंदात एक रक्कम चुकली की झोप लागत नाही, ही सवय हाडात आहे. त्या बांधाने माझे पहिले वाक्य खोटे ठरवले होते. मग सुट्टीचे दिवस जुन्या ग्रंथालयांत आणि रानात असे वाटून घेतले. ठाणे जिल्ह्याचे १८८२ चे गॅझेटियर, पाणीपुरवठ्यावरचे जुने वृत्तांत, कान्हेरीच्या शिलालेखांची वाचने, जे हाती लागेल ते वाचत गेलो. त्यातून जे हाती आले ते असे की, आज आपण ज्याला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणतो ते रान वाघाने, ऋषीने किंवा वनखात्याने राखलेले नाही. निदान आधी तरी नाही. ते पाण्याने राखले आहे, आणि ते राखताना कोणाला तरी उठावे लागले आहे.

आधी मुंबई काय पीत होती ते पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शहराची भिस्त विहिरींवर आणि तलावांवर होती. धोबीतलाव, गवालिया टँक, दोन टाकी ही आज आपल्याला बसथांब्यांची नावे वाटतात, पण ती एके काळी खरोखर पाण्याची ठिकाणे होती. धोबीतलावाच्या दुरुस्तीवर फ्रामजी कावसजी यांनी मोठी रक्कम खर्च केली आणि तलावाला त्यांचे नाव मिळाले. उन्हाळा लांबला की हे तलाव तळाला जात. १८५० च्या दशकात टंचाई इतकी वाढली की शहरातली गुरे माहीमकडे हाकलावी लागली आणि बाहेरून आणलेले पाणी विहिरींत ओतावे लागले. तेव्हा हेन्री कॉनीबिअर या अभियंत्याने साष्टीच्या डोंगरात, मिठी नदीच्या उगमाकडे, तलाव बांधण्याची योजना मांडली. १८५६ मध्ये काम सुरू झाले, मातीचे तीन बांध घातले गेले आणि १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी लोखंडी नळांतून शहरात आले. गोविंद नारायण माडगावकरांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ चे आहे. म्हणजे ते नळाचे पाणी येऊन जेमतेम तीन वर्षे झालेल्या शहराचे वर्णन आहे. हे लक्षात ठेवून ते पुस्तक पुन्हा वाचावे, वेगळे वाटते.

विहारचे पाणी पुरले नाही. १८६४ च्या गणतीत मुंबईची वस्ती आठ लाखांवर गेली होती. मग विहारच्या उत्तरेला, आणखी वरच्या बाजूला, तासो नदी अडवून तुळशी तलाव झाला. तो १८७९ मध्ये पुरा झाला.

तलाव म्हणजे नुसता बांध आणि त्यामागचे पाणी नव्हे. ज्या उतारांवर पडलेला पाऊस त्या पाण्यात येतो ते सगळे उतार म्हणजे तलावच. वर गाव असेल तर गावाची घाण खाली येणार, नांगरट असेल तर माती येणार, गुरे असतील तर शेण येणार. त्या काळात शुद्धीकरणाची यंत्रे नव्हती. पाणी स्वच्छ ठेवायचा एकच उपाय होता: वरचे सगळे मोकळे करायचे. म्हणून पाणलोटाची जमीन ताब्यात घेतली गेली, वस्ती आणि शेती हलवली गेली, आणि त्या डोंगरात माणसाला मज्जाव झाला. कुऱ्हाड थांबली. साष्टी बेटावर बाकी सगळीकडे झाडे तुटत असताना हे काही चौरस मैल मात्र वाढत राहिले. खाचरात आधी गवत आले, मग पळस, पांगारा, काटेसावर अशी उजेडाला हपापलेली झाडे, मग त्यांच्या सावलीत ऐन, कळंब, हेदू. काही ठिकाणी सागाची लागवडही झाली. बाबांच्या पणजोबांच्या बांधावर जे रान मी पाहिले, आणि ज्याला आदिम म्हणालो, ते माझ्या हिशेबाने जास्तीत जास्त दीडशे वर्षांचे होते.

याचा अर्थ हे रान नकली आहे असा कोणी घेऊ नये. उद्यानाच्या एकूण १०३ चौरस किलोमीटरमध्ये काही भाग नक्कीच फार जुने आहेत, विशेषतः ओढ्याकाठचे. करंज, जांभूळ, उंबर तिथे असे गुंफलेले असतात की मार्चमध्येही पाय ठेवला तर गारवा लागतो. माझे म्हणणे इतकेच की मोडलेले रानही, कारण मिळाले तर, उभे राहते. इथे ते कारण पिण्याचे पाणी होते.

आता ही देवघेव उलट्या बाजूने पाहू. पाण्याने रान राखले, तसे रानानेही पाणी राखले. मुंबईच्या उपनगरांत वर्षाला सुमारे तेवीसशे-चोवीसशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत कोसळतो. खाली काळा पाषाण, त्यावर मातीचा पातळ थर. उघड्या उतारावर असा पाऊस पडला की थेंब मातीला फोडतो, मातीचा कण सुटतो आणि पाणी त्याला घेऊन धावत सुटते. हेच झाडीत पडले तर थेंब आधी पानावर फुटतो, मग खालच्या झुडपावर, मग पाचोळ्यावर. मुळांनी आणि वाळवीने केलेल्या भोकांतून तो सावकाश आत जातो, खडकाच्या भेगांत उतरतो आणि दिवाळीनंतरही कुठेतरी झऱ्याच्या रूपाने पाझरत राहतो. हे पुस्तकात न वाचताही दिसते. जुलैतल्या एका सकाळी उद्यानाच्या हद्दीबाहेरच्या, खोदकाम झालेल्या टेकडीवरून येणारा नाला पाहावा आणि मग हद्दीच्या आतला ओढा पाहावा. पहिला चहासारखा असतो, दुसऱ्यात तळाचे खडे मोजता येतात. विहार आणि तुळशी दीडशे वर्षांनंतर आजही वापरात आहेत, गाळाने भरून गेलेले नाहीत, त्याचे श्रेय बांध घालणाऱ्यांइतकेच या पाचोळ्याला द्यावे लागेल.

यात कारवीचे काम मला सगळ्यांत मोठे वाटते, म्हणून तिच्यापाशी थोडा थांबतो. पावसाळी सहलीला येणारे तिला 'सात वर्षांनी फुलणारी' म्हणून ओळखतात. प्रत्यक्षात मोजले तर इथली कारवी २००८, २०१६ आणि २०२४ अशी आठव्या वर्षी फुलली. सात की आठ, यावर मी एका निसर्गमंडळाच्या बैठकीत विनाकारण भांडलो आहे. फुलण्यांच्या मधली वर्षे मोजली तर सात भरतात, हे भांडण झाल्यावर लक्षात आले. तर ही कारवी झाड नव्हे आणि झुडूपही नव्हे, माणसाच्या दीडपट उंचीच्या सरळ काठ्यांचे ते रानच असते. जिथे मोठे झाड उभे राहू शकत नाही अशा तीव्र उतारावर ती दाटीने वाढते आणि मुळांनी माती धरून ठेवते. सगळी एकाच वेळी जन्मलेली, म्हणून सगळी एकाच वेळी फुलते. ऑगस्टच्या अखेरीपासून डोंगराला जांभळा रंग येतो, मधमाश्यांची धांदल उडते आणि मग सगळी एकाच वेळी मरते. फुलल्यानंतरचे वर्ष लोक पाहायला येत नाहीत, आणि खरी गंमत त्याच वर्षात आहे. उन्हाळाभर मेलेल्या काठ्यांवर वाळलेली बोंडे तशीच असतात. पहिल्या पावसाचे पाणी लागले की ती टकटक आवाज करत फुटतात आणि बिया उडतात. एखाद्या शांत संध्याकाळी, पाऊस नुकताच थांबलेला असताना, सगळा उतार तडतडत असतो. मातीला पाणी लागल्याशिवाय बी सोडायचे नाही, ही तिची रीत.

पण म्हणूनच त्या एका वर्षी उतार सगळ्यांत हळवा असतो. जुनी मुळे मेलेली, नवी रोपे बोटभर. वाळक्या काठ्यांना ठिणगी पुरते. २०२५ चा उन्हाळा असा होता.

वारल्यांच्या घरात कारवीच्या काठ्यांचा कूड असतो. काठ्या विणून भिंत करायची, तिला शेणमातीचा लेप द्यायचा, गेरूचा हात फिरवायचा. तांदळाच्या पिठाची जी चित्रे आज परदेशी दिवाणखान्यांत टांगलेली असतात ती आधी अशा भिंतीवर आली. उतार धरणारी काठी आणि घर धरणारी काठी एकच. राखीव रानातून काठी तोडायला बंदी आली तेव्हा कूड गेला आणि पत्रे आले. बंदी चुकीची होती असे मी म्हणत नाही. शेकडो लोकांनी रोज एकेक भारा नेला तर उतार उरणार नाही. पण त्या पत्र्याखाली मे महिन्यात बसून पाहावे.

पाण्यासाठी डोंगर राखायची रीत इंग्रजांनी आणली असेही समजायचे कारण नाही. उद्यानाच्या मध्यावर कान्हेरीची लेणी आहेत, शंभराहून अधिक. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून जवळजवळ हजार वर्षे इथे भिक्षूंचा राबता होता. लोक चैत्य पाहतात, मोठ्या बुद्धमूर्तींपाशी छायाचित्रे काढतात आणि परत जातात. मी मात्र अलीकडे वर न पाहता खाली पाहत चालतो. लेण्यांच्या माथ्यावर खडकात हातभर रुंदीच्या, काही ठिकाणी बोटभर खोलीच्या चऱ्या कोरलेल्या आहेत. पावसाचे पाणी त्या गोळा करतात आणि जवळजवळ प्रत्येक लेण्याशेजारच्या टाक्यात सोडतात. शिलालेखांत या टाक्यांना 'पोढी' म्हटले आहे. कल्याण, सोपारा, चेमूल म्हणजे चौल, इथल्या व्यापाऱ्यांनी लेणे दान दिले, तसे पोढीही दान दिली, आणि तिची नोंद तितक्याच मानाने दगडावर केली. एका लेखात मंगलठाण गावातले शेत दिल्याचा उल्लेख आहे. मंगलठाण म्हणजे आजचे मागाठाणे, बोरिवली पूर्वेचे. माझी इमारत तिथून फार लांब नाही. म्हणजे सतराशे-अठराशे वर्षांपूर्वी या रानाच्या पायथ्याशी शेती होती, आणि शेत दान द्यावे इतकी ती नक्की मोजलेली होती. 'विहार' हे गावाचे नावही या भिक्षूंच्या विहारांवरूनच पडले असावे असा माझा तर्क आहे.

स्वातंत्र्यानंतरचा कागदोपत्री प्रवास थोडक्यात सांगतो. १९५० मध्ये मुंबई राज्याने राष्ट्रीय उद्यानांचा कायदा केला. उद्यान आधी कृष्णगिरी या नावाने होते, पुढे बोरिवली झाले, त्यानंतर आजचे नाव आले. क्षेत्र टप्प्याटप्प्याने वाढत गेले. कान्हेरी हे कृष्णगिरीचेच रूप; पहिले नाव राहिले असते तर बरे झाले असते. बिबट्याविषयी मुद्दामच लिहीत नाही. पन्नासच्या आसपास बिबटे या रानात आणि भोवती आहेत, त्यांच्यावर अभ्यासही चांगला झाला आहे आणि दिवाळी अंकांतून पुष्कळ छापूनही आले आहे. बिबट्याचे वलय असे की त्याच्या पायाखालचा झरा कोणाला दिसत नाही.

आणि त्या झऱ्याचा भाव आता उतरला आहे. इथे माझा हिशेबनीसपणा कामाला येतो. विहारची क्षमता २७,६९८ दशलक्ष लिटर, तुळशीची ८,०४६. मुंबईला पाणी देणाऱ्या सातही तलावांची मिळून १४,४७,३६३. म्हणजे या दोघांचा वाटा अडीच टक्क्यांच्याही किंचित आत. शहराला रोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी दिले जाते. दोन्ही तलाव काठोकाठ भरले आणि मुंबईने फक्त त्यांचेच पाणी प्यायचे ठरवले, तर नऊ-दहा दिवसांत तळ दिसेल. १८६० मध्ये जे सगळे पाणी होते ते आज चिल्लर आहे. १८९२ मध्ये तानसा आला, मग वैतरणा, मग भातसा. शहराने आपली तहान शंभर किलोमीटर लांब नेऊन ठेवली. तिकडच्या आदिवासींचे काय झाले हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

या रानाचा जुना राखणदार असा अशक्त झाला आहे, म्हणून मला चिंता वाटते. एके काळी 'पाणलोट' म्हटले की कुऱ्हाड थांबत असे. आज ठाणे-बोरिवली या ११.८ किलोमीटरच्या मार्गाचा बहुतेक भाग उद्यानाच्या पोटातून बोगद्याने जाणार आहे. गोरेगाव-मुलुंड मार्गाचा जोडबोगदाही याच डोंगराखालून आहे. झाडे कापण्यापेक्षा बोगदा बरा, हे मलाही पटते. पण चर्चा ऐकली तर ती झाडांच्या संख्येवर आणि वाचणाऱ्या मिनिटांवर होते. डोंगराच्या भेगांतून जे पाणी जानेवारीपर्यंत झिरपते त्याची वाट बोगद्याच्या कोणत्या बाजूने राहील, हा प्रश्न मी दोन जाहीर सभांत विचारला. दोन्ही वेळा उत्तरादाखल मला वाहतूककोंडीचे आकडे ऐकवले गेले.

विहार पिण्यासाठी किती लागतो यावर त्याची किंमत ठरवणे चुकीचे आहे, हे या शहराला एकदा कळले होते. मिठी विहारच्या सांडव्यातून निघते, दहिसर नदी तुळशीकडून, पोयसर आणि ओशिवरा याच डोंगराच्या कुशीतून. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. विहारवरची नोंद तर त्याहूनही जास्त होती. त्या रात्री या चारही नद्यांनी आपली नावे लोकांना सांगितली. तोपर्यंत आम्ही त्यांना नाले म्हणत होतो. खाली काठ बुजवलेले होते म्हणून हाहाकार झाला. वरचे उतार उघडे असते तर त्या पाण्याबरोबर डोंगरही आला असता.

राहता राहिला तो बांध. १९९७ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर उद्यानातली अतिक्रमणे काढण्याची मोठी मोहीम झाली. हजारो झोपड्या हटल्या आणि त्यामुळे रानाला श्वास मिळाला, हे खरे आहे. पण त्याच 'अतिक्रमण' शब्दाच्या जाळ्यात पाडेही आले. नवापाडा, तुमणीपाडा, चुणापाडा ही नावे उद्यानाच्या नावापेक्षा जुनी आहेत. तलावांच्या कुशीत असून यांतल्या कित्येक घरांना नळासाठी दशके वाट पाहावी लागली. २००६ च्या वनहक्क कायद्याने प्रथमच अशा लोकांना पुरावा मांडायची सोय दिली, आणि त्याच्या २००८ च्या नियमांत कागदाखेरीज जमिनीवरच्या खुणाही पुरावा म्हणून धरल्या आहेत: घर, सपाटीकरण, बांध. नियम वाचताना 'बांध' या शब्दावर माझे बोट थांबले. अर्थात बाबांच्या पणजोबांचे खाचर त्यात बसत नाही. कायद्याला कसणारा माणूस जमिनीवर हजर लागतो, आणि यांना दीडशे वर्षांपूर्वीच उठवले होते, आपण पाणी प्यावे म्हणून.

बाबा सहा वर्षांपूर्वी गेले. यंदा जुलैत त्यांच्या नातवाबरोबर, तो उद्यानातच रोजंदारीवर वाटाड्याचे काम करतो, त्या घळीपर्यंत पुन्हा गेलो. वाट मोडली होती, त्याने कोयत्याने काढली. घळीच्या वरच्या उतारावर गेल्या वर्षीची कारवी काळ्या काठ्या होऊन आडवी पडली होती. आंब्यांपैकी एक उन्मळला होता. बांधाचा वरचा थर दोन ठिकाणी ढासळला होता, पण खालचे दगड जागेवर होते आणि त्यांच्यामागे वरून वाहून आलेली माती वीतभर साठली होती. तिच्यात कारवीची रोपे आली होती, दोन-दोन पानांची, मेथी पेरावी तशी दाट. नातवाने ढासळलेले दगड उचलून पुन्हा बांधावर रचले. मी मोजायला खाली बसलो, पण पाऊस आला आणि चष्म्यावर पाणी साचून काही दिसेना.